गाडी लागली, गर्दी जमली: मिटवामिटवीच्या आधी काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. एमएच-०९ नंबरची, म्हणजे कोल्हापूरची गाडी. बेळगावात किर्लोस्कर रोडवर संध्याकाळच्या गर्दीत डावीकडे वळताना बंपरचा कोपरा एका स्कूटरला लागला. स्कूटर आडवी झाली, चालवणाऱ्या बाईंचा गुडघा खरचटला. दोन मिनिटांत तीस-चाळीस माणसं जमली. कुणी म्हणालं पाच हजार देऊन मिटवा, कुणी म्हणालं पोलिस बोलवा. अशा वेळी काय करायचं? विमा मिळतो का? परराज्यातली गाडी म्हणून जास्त त्रास होतो का?

पाच हजार द्यायचे की नाही हे सगळ्यात शेवटी ठरवायचं. गल्लीबोळातल्या अपघातात टक्कर बहुधा किरकोळ असते. खरं नुकसान होतं ते घाईघाईत पैसे हातावर ठेवून, काहीही न नोंदवता निघून गेल्याने. रात्री त्या बाईंचा गुडघा सुजला, एक्स-रेत वाटीला चीर निघाली, तर दुसऱ्या दिवशी ठाण्यात तक्रार काय जाईल? ‘धडक देऊन निघून गेला.’ तुमच्याकडे उलट दाखवायला काही नसेल, तर त्या पाच हजारांचा काडीचा उपयोग नाही.

गाडी लागली की इंजिन बंद, हँडब्रेक वर, चारही इंडिकेटर चालू. लाल त्रिकोण हायवेवर पन्नास मीटर मागे ठेवायचा असतो. गल्लीत तो कुणाला दिसत नाही, पायाखाली येतो. त्याऐवजी जमलेल्यांपैकी एकाला नेमून सांगा, ‘दादा, तुम्ही मागनं येणाऱ्या गाड्या थोपवा.’ गर्दीला मोघम सांगितलं तर कुणीच हलत नाही. शिवाय कामाला लागलेला माणूस भांडायला येत नाही.

खाली उतरल्यावर पहिला शब्द पडलेल्या माणसाशी बोलायचा. ‘मावशी, कुठं लागलं? दवाखान्यात जाऊया.’ समोरचं माणूस कन्नड बोलणारं असेल तर ‘आस्पत्रेगे होगोण’ एवढं पुरतं. चूक कुणाची, इंडिकेटर दिला होता की नव्हता, हे तिथं एका अक्षरानेही काढू नका. तुमची बाजू शंभर टक्के बरोबर असली तरी. रक्त वाहत असेल तर स्वच्छ रुमाल किंवा ओढणी जखमेवर ठेवून दहा मिनिटं न उचलता दाबून धरा. लोक दर मिनिटाला उचलून बघतात आणि रक्त पुन्हा सुरू होतं. मान किंवा पाठ दुखते म्हणत असतील तर उठवून बसवू नका, पाणी पाजू नका, आणि श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नका. फोन १०८ ला, किंवा एकाच फोनात पोलिस आणि अँब्युलन्स दोन्ही हवे असतील तर ११२ ला. ११२ च्या फोनची वेळेसह नोंद राहते. तुम्ही पळाला नाहीत याचा हा पहिला पुरावा.

गर्दी तापली तर? मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ जखमीला मदत करणं चालकाचं कर्तव्य ठरवतं, पण जमावाचा क्षोभ हा अपवादही त्याच कलमात लिहिलेला आहे. अंगावर येऊ लागले तर ११२ ला फोन चालू ठेवूनच तिथून निघा आणि थेट जवळच्या ठाण्यात जा. तसं केलं तर ते पळून जाणं होत नाही. घरी गेलात तर होतं. गाडीची किल्ली पोलिसांशिवाय कुणाच्या हातात देऊ नका. ‘मिटेपर्यंत किल्ली आमच्याकडं’ म्हणणारा कुणीतरी प्रत्येक गर्दीत असतोच.

आता फोटो. बहुतेक लोक बंपरचा ओरखडा आणि तुटलेला आरसा जवळून काढतात आणि थांबतात. त्या फोटोवरून गाड्या कुठे होत्या हे काहीच कळत नाही. आधी वीस पावलं मागे जाऊन दोन्ही गाड्या, दुकानाची पाटी आणि विजेचा खांब एकाच चौकटीत येईल असा फोटो घ्या. मग समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी. पुढची चाकं कुठे वळलेली आहेत ते दिसलं पाहिजे, कारण तुम्ही वळत होतात की सरळ होतात हे चाकच सांगतं. मग खाली बघा. धडक बसते त्या क्षणी मडगार्डच्या आतली वाळलेली मातीची खपली झडून रस्त्यावर पडते. बेळगावच्या लाल मातीची ती खपली डांबरावर ठळक दिसते आणि टक्कर नेमकी कुठे झाली ते सांगते. काचेचा चुरा धडकेच्या जोराने पुढे उडतो, खपली बहुधा जवळच राहते. दहा मिनिटांत लोकांच्या पायांनी ती पुसली जाते, म्हणून तिच्या फोटोला उशीर नको. शेवटी बंपरवरची काळी रबराची रेघ आणि स्कूटरवरचा ओरखडा जमिनीपासून किती उंचीवर आहेत ते टेप किंवा वीत लावून टिपा. दोन्ही उंच्या जुळल्या तर ‘हा डेंट जुनाच आहे’ हा विमा कंपनीसाठी नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरचा प्रश्न तिथेच संपतो.

गाड्या हलवायच्या का? खरचटण्यापुरतं असेल तर फोटो झाल्यावर बाजूला घ्या. तुंबलेल्या रस्त्यावर मागून दुसरी टक्कर व्हायला वेळ लागत नाही. दुखापत मोठी असेल तर पोलिस येईपर्यंत तशीच ठेवा. अँब्युलन्सला वाट द्यायला हलवावीच लागली, तर आधी चारही चाकांच्या जागी खडूने किंवा विटेच्या तुकड्याने खुणा करा.

समोरच्या गाडीचा नंबर, लायसन्स, आरसी आणि विम्याचा फोटो घ्या, तुमचेही दाखवा. डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधली कागदपत्रं कायद्याने चालतात. एम-परिवहनवर नंबर टाकला की समोरच्या गाडीचा विमा कधीपर्यंत आहे तेही दिसतं. दोन साक्षीदारांचे नंबर घ्या. ते शक्यतो दुकानदार असावेत, कारण वाटसरू पुन्हा सापडत नाही आणि दुकान उद्याही तिथंच असतं.

दुकानाच्या कॅमेऱ्याबद्दल दोन गोष्टी. हार्ड डिस्क भरली की जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं. छोट्या दुकानात ते आठ-पंधरा दिवसांत होतं, म्हणून त्याच संध्याकाळी तेवढा भाग वेगळा काढून ठेवायला सांगा. दुसरं, त्या यंत्राचं घड्याळ बहुधा दहा-वीस मिनिटं चुकलेलं असतं. स्क्रीनवरची वेळ आणि शेजारी धरलेल्या तुमच्या मोबाइलवरची वेळ एकाच फोटोत घ्या. नाहीतर फुटेजमध्ये ६.१० आणि फिर्यादीत ६.३० एवढ्यावरून पुढे वकील वाद घालतात. फुटेज तुमच्या हातात मिळालं नाही तरी हरकत नाही. तपास अधिकाऱ्याला दुकानाचं नाव आणि कॅमेऱ्याची दिशा लेखी द्या. कोर्टात फुटेज चालायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. व्हॉट्सअॅपवरून आलेली क्लिप तेवढ्याला पुरत नाही.

पोलिसांत जायचं का? दुखापत झाली असेल तर जायचंच, खरचटलं असलं तरी. घटनास्थळी पोलिस आले नाहीत तर कलम १३४ प्रमाणे जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत कळवावं लागतं. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं असेल तरीही हेच लागू. बाहेरगावचे लोक एका ठिकाणी हमखास चुकतात. बेळगाव शहरात अपघाताचे गुन्हे खडेबाजार, कॅम्प, टिळकवाडी अशा नेहमीच्या ठाण्यांत नाही, तर वाहतूक ठाण्यात नोंदवले जातात. अशी दोन ठाणी आहेत, उत्तर आणि दक्षिण. चुकीच्या ठाण्यात गेलात तर तिथून पाठवतील, पण कळवल्याची वेळ तिथेच लिहून घ्या. शहराबाहेर, खानापूर किंवा निपाणीकडे, स्थानिक ठाण्यातच काम होतं.

इथली एफआयआर आणि पंचनामा कन्नडमध्ये असतो. पंचनाम्याला इथं ‘महजर’ म्हणतात, तो शब्द कानावर आला तर गोंधळू नका. हवालदार तुमच्याशी मराठीत बोलेल, लिहील मात्र कन्नडमध्ये. सांगितलेली हकीकत वाचून दाखवणं कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा वाचून घेतल्याशिवाय सही नको. कन्नड वाचता येणारं ओळखीचं कुणी असेल तर सोबत न्या. ऐकताना चार गोष्टींवर कान ठेवा: गाडीचा नंबर, वेळ, कोण कुठून कुठे चाललं होतं, आणि चालकाचं नाव. ‘बोगारवेसकडून’ आणि ‘बोगारवेसकडे’ एवढ्या फरकाने अख्खा नकाशा उलटतो. आकडे कन्नड लिपीत असतील तर गाडीचा नंबर बोट ठेवून पडताळा. फिर्याद देणाऱ्याला एफआयआरची प्रत फुकट मिळते. तुम्ही फिर्यादी नसाल तरी तुमची हकीकत एका कागदावर लिहून द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सही घ्या.

दुखापतीचा गुन्हा नोंदवला की भारतीय न्याय संहितेची दोन कलमं बहुधा लागतात: २८१, म्हणजे बेदरकार चालवणं, आणि १२५, म्हणजे दुखापत. दोन्ही जामीनपात्र आहेत. ठाण्यातच जामीन होतो. गाडी ब्रेक इन्स्पेक्टरच्या तपासणीसाठी थांबते. तिथं ‘आयएमव्ही रिपोर्ट’ म्हणाले की तो हाच. तपासणी उरकल्यावर २४ तासांत गाडी परत द्यायची असं कलम १३६ सांगतं. विमा नसेल तर मात्र कोर्टात तारण भरल्याशिवाय गाडी सुटणं अवघड.

परराज्यातल्या नंबरमुळे दोष वाढत नाही, विमा कमी होत नाही. त्रास होतो तो अंतराचा. फौजदारी तारखा बेळगावच्या कोर्टात होतील आणि कोल्हापुराहून यावं लागेल. जखमीला मात्र भरपाईचा दावा अपघाताच्या ठिकाणी, स्वतः राहतो तिथे, किंवा प्रतिवादीच्या ठिकाणीही लावता येतो. म्हणजे चंदगडच्या माणसाला बेळगावात लागलं तरी दावा कोल्हापूर जिल्ह्यात चालू शकतो. कायद्यात त्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, ती जखमीने ध्यानात ठेवावी.

दवाखान्याचा खर्च हा गर्दीतला खरा तिढा. बाईंना सिव्हिलमध्ये न्या किंवा जवळच्या खासगी दवाखान्यात, पण ‘अपघाताची केस’ म्हणून नोंद करायला सांगा. वूंड सर्टिफिकेट, म्हणजे जखमांचा डॉक्टरी दाखला, त्या नोंदीवरूनच निघतो. नोंद नको म्हणून ‘जिन्यावरून पडल्या’ असं सांगायची पद्धत दोघांच्याही मुळावर येते. बाईंना पुढे विम्याची भरपाई मिळत नाही आणि तुमच्यावर पुरावा दडवल्याचा संशय येतो. डोक्याला लागलं असेल तर घरच्यांना सांगून ठेवा की पुढच्या २४ तासांत उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं दिसलं तर लगेच परत आणा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या वयस्कर माणसाला तर पहिल्याच फेरीत डॉक्टरांना तसं सांगायला लावा.

केंद्राच्या २०२५ च्या योजनेप्रमाणे रस्ता अपघातातल्या जखमीला ठरलेल्या रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत उपचार रोख पैसे न भरता मिळतात. त्यालाही पोलिसांची खातरजमा लागते, म्हणून ११२ ची नोंद इथेही उपयोगी पडते. आणि जखमीला पोचवायला नुसता मदत करणारा वाटसरू अडकत नाही. कलम १३४-ए त्याला संरक्षण देतं, कर्नाटकाने तर २०१६ मध्येच त्यासाठी स्वतःचा कायदा केला.

तुम्ही पैसे भरणार असाल तर दवाखान्याच्या खिडकीवर भरा आणि पावती घ्या. हातात रोख नको. मदत केली म्हणजे चूक कबूल केली असं होत नाही, पण ‘माझी चूक झाली, सगळा खर्च देतो’ असं लिहून दिलंत तर पॉलिसीची अट मोडते. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय कबुली किंवा भरपाईचं वचन देऊ नये, अशी अट पॉलिसीत छापलेली असते.

मग मिटवायचंच नाही का? कुणालाच लागलेलं नसेल, फक्त पत्रा आणि प्लॅस्टिक असेल, तर खुशाल मिटवा. दोघांचा वेळ वाचतो. पण कागदावर. दोघांची नावं, दोन्ही गाड्यांचे नंबर, तारीख, वेळ, जागा, काय मोडलं, किती रुपये, ‘कुणालाही शारीरिक इजा नाही’ हे वाक्य, सह्या आणि दोन साक्षीदार. पैसे यूपीआयने, आणि खाली टीप ‘अमुक नंबरच्या स्कूटरची दुरुस्ती’. इजा झालेली असताना केलेला असा कागद मात्र ढाल नव्हे. २८१ चा गुन्हा आपसात मिटत नाही आणि जखमीचा दाव्याचा हक्क त्या कागदाने जात नाही.

आता तुमच्या गाडीकडे. बंपर फक्त चेपला म्हणून लगेच कोल्हापूरची वाट धरू नका. बोनेटच्या दोन्ही बाजूंच्या फटीत बोट घाला. एकीकडे बोट जातंय आणि दुसरीकडे नाही, तर आतली पट्टी सरकली आहे. गाडीखाली वाकून बघा: एसीचं पाणी स्वच्छ असतं, कूलंट हिरवं, गुलाबी किंवा नारिंगी असतं आणि बोटाला किंचित बुळबुळीत लागतं. कूलंट गळत असताना ११० किलोमीटर गेलात तर इंजिन तापून हेड गॅस्केट उडेल, आणि कंपनी म्हणेल की हे नुकसान अपघाताचं नाही, नंतर चालवल्याचं. बरोबरच म्हणेल, पॉलिसीत तसं लिहिलेलं आहे. धडकेत चाक उघड्या गटाराच्या काठावर चढलं असेल तर टायरच्या कडेला फुगवटा आणि स्टिअरिंग वाकडं राहतंय का ते पाहा. सीएनजी गाडी असेल तर टाकीचा हाताचा व्हॉल्व्ह बंद करा. टोइंगला खासगी गाडीच्या पॉलिसीत सहसा १५०० रुपयांपर्यंत मिळतात, पावती ठेवा. आणि सर्व्हे होईपर्यंत टिंकरिंगवाल्याला हातोडी लावू देऊ नका. चेपलेलं सरळ केल्यावर सर्व्हेअर काय बघणार?

क्लेम करायचा की खिशातून भरायचं, हे गणित मांडूनच ठरवा. समजा बंपर ६,०००, रंग ४,००० आणि मजुरी २,००० असे १२,००० झाले. पॉलिसीत झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याची सोय, नसेल तर प्लॅस्टिकवर ५० टक्के घसारा, म्हणजे ३,००० वजा. रंगाच्या खर्चातला एक चतुर्थांश माल धरतात आणि त्याचा निम्मा कापतात, म्हणजे ५००. सक्तीची वजावट १५०० सीसीपर्यंत १,०००, त्यावर २,०००. हातात आले ७,५००. आता बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, बघा. स्वतःच्या गाडीच्या विम्याचा हप्ता सूट धरण्याआधी १०,००० आहे आणि तुम्ही ५० टक्के सुटीवर आहात. क्लेम घेतला की पुढच्या वर्षी सूट शून्य, मग २० टक्के, मग २५. पहिल्या तीन वर्षांतच ५,००० अधिक ३,००० अधिक २,५०० म्हणजे १०,५०० जादा भरता. साडेसात हजारांसाठी साडेदहा. तेव्हा बंपरचा क्लेम घेऊ नका. हेडलाइट, रेडिएटर, बोनेट असं पुढचं सगळं बसलं असेल तर जरूर घ्या.

यात एक गैरसमज घट्ट बसलेला आहे: बोनस जाईल म्हणून लोक कंपनीला कळवतच नाहीत. बोनस जातो तो स्वतःच्या गाडीचा क्लेम घेतल्यावर. स्कूटरवाल्या बाईंनी तुमच्या पॉलिसीवर केलेल्या दाव्याने तो जात नाही. तेव्हा स्वतःचा क्लेम नको असला तरी अपघाताची वेळ, जागा, जखमीचं नाव आणि चालकाचं नाव कंपनीला ईमेलने त्याच दिवशी कळवा. कायद्याने ते तुमचं कामच आहे. सहा महिन्यांनी जखमीच्या भरपाईच्या दाव्यात ट्रिब्युनलची नोटीस आली की कंपनी आधी हा ईमेल शोधते.

चालकाचं नाव मुद्दाम पुन्हा काढतो. मुलाचं लायसन्स संपलेलं म्हणून कागदावर वडिलांचं नाव घालायचं, हा उद्योग सर्रास चालतो. ठाण्यात एक नाव, क्लेम फॉर्मवर दुसरं, आणि दुकानाच्या फुटेजमध्ये तिसराच माणूस दाराबाहेर उतरताना दिसतो. लायसन्स संपलेलं असताना फार तर तुमच्या गाडीचे पैसे जातात, आणि जखमीला कंपनीने दिलेली रक्कम ती नंतर तुमच्याकडून वसूल करते. खोटं नाव सापडलं तर त्यावर फसवणुकीचं प्रकरण चढतं.